जुनी इंग्रजी व्याकरणे आणि शब्दकोश: वाचायला सुरुवात कशी करावी

इंग्रजी शिकवणारे शिक्षक, भाषांतर करणारे, एम.ए.ला भाषेचा इतिहास घेतलेले विद्यार्थी आणि ज्यांना जुन्या पुस्तकांची नुसतीच ओढ आहे असे वाचक, या सगळ्यांसाठी हा लेख आहे. सोळाव्या ते अठराव्या शतकातली इंग्रजी व्याकरणे आणि शब्दकोश आज घरबसल्या, फुकट आणि पुष्कळदा मूळ पानांच्या छायाचित्रांसह वाचता येतात. तरी बहुतेक जण पहिल्या दहा मिनिटांतच परत फिरतात. अक्षरे लागत नाहीत, शब्द अपेक्षित जागी सापडत नाहीत, आणि सापडले तरी अर्थ एका ओळीत आटोपलेला असतो.

अडचण खरी आहे, पण तिचे मूळ आपल्या वाचण्यात आहे. आजच्या शब्दकोशाची कच्ची आवृत्ती म्हणून आपण ही पुस्तके उघडतो. ती शाळेची पुस्तके होती. प्रत्येकासमोर कोणीतरी ठरावीक विद्यार्थी बसलेला होता: फ्रान्समधून जीव वाचवून लंडनला आलेला निर्वासित, लॅटिन न शिकवलेली घरंदाज स्त्री, यॉर्कच्या शाळेतली मुलगी. तो विद्यार्थी आधी शोधायचा आणि पुस्तक त्याच्या जागी बसून वापरून पाहायचे. माझ्या मते या क्षेत्रात शिरायची हीच वाट आहे, आणि पुढच्या सगळ्या पायऱ्या याच एका गोष्टीवर उभ्या आहेत.

पायरी १: तीनच पुस्तके निवडा

सुरुवातीला याद्या करत बसू नका. रॉबर्ट कॉड्रीचे ‘अ टेबल अल्फाबेटिकल’ (१६०४), सॅम्युएल जॉन्सनचा शब्दकोश (१७५५) आणि लिंडली मरेचे ‘इंग्लिश ग्रामर’ (१७९५) ही तीन पुरेत. मरेबरोबर त्याचे १७९७ चे स्वाध्यायांचे पुस्तक मात्र घ्याच. कारण पुढे येईल.

पहिले छापील इंग्रजी व्याकरण म्हणून विल्यम बुलोकरच्या १५८६ च्या पुस्तकाचे नाव सगळीकडे दिसते, म्हणून नवखे वाचक तिथूनच सुरू करतात आणि अडकतात. बुलोकरने इंग्रजीसाठी स्वतःची नवी लेखनपद्धती बनवली होती. अक्षरांवर-अक्षरांखाली खुणा, जोडाक्षरे, वेगळी चिन्हे असा सगळा प्रकार आहे. त्याचे व्याकरण त्याच लिपीत छापलेले असल्यामुळे आधी ती लिपी शिकावी लागते. मान पहिलेपणाचा असला तरी वाचायला ते तिसऱ्या-चौथ्या टप्प्यावर घ्यावे. पॉल ग्रीव्ह्ज (१५९४), अलेक्झांडर गिल (१६१९) आणि जॉन वॉलिस (१६५३) यांची इंग्रजीची व्याकरणे तर लॅटिनमध्ये लिहिलेली आहेत. इंग्रजीचे व्याकरण लॅटिनमध्ये कशासाठी, असे वाटेल. वॉलिसच्या डोळ्यांसमोर परदेशी वाचक होते, आणि शिकलेल्या परदेशी माणसाशी बोलायची युरोपभरची भाषा लॅटिनच होती. इथेही विद्यार्थी कोण हे कळले की कोडे सुटते.

पायरी २: पुस्तके मिळवा

इंटरनेट आर्काइव्ह आणि हाथीट्रस्ट या संकेतस्थळांवर अठराव्या शतकातली बहुतेक महत्त्वाची पुस्तके मिळतात. शोधताना लेखकाचे आडनाव आणि वर्ष एवढेच टाका, कारण पुस्तकांची जुनी नावे चार-चार ओळींची असतात आणि वर्णलेखन दर वेळी वेगळे असते. १७०० पूर्वीच्या पुस्तकांसाठी ‘अर्ली इंग्लिश बुक्स ऑनलाइन’ हा संग्रह आहे. पानांची छायाचित्रे पाहायला ग्रंथालयाचे सभासदत्व लागते, पण टंकलिखित करून घेतलेल्या हजारो पुस्तकांचा मजकूर २०१५ पासून सर्वांना खुला आहे.

टोरोंटो विद्यापीठाचा ‘लेक्सिकन्स ऑफ अर्ली मॉडर्न इंग्लिश’ हा प्रकल्प तर खास आपल्या कामाचा. एक शब्द टाकला की जुन्या कितीतरी कोशांमधल्या त्याच्या नोंदी एकाखाली एक दिसतात. जॉन्सनच्या शब्दकोशासाठी सेंट्रल फ्लोरिडा विद्यापीठाचे स्वतंत्र संकेतस्थळ आहे. तिथे १७५५ ची पहिली आणि १७७३ ची सुधारलेली चौथी, अशा दोन्ही आवृत्त्या शोधता येतात.

हातात कागद हवा असेल तर स्कोलर प्रेसच्या प्रतिमुद्रणांच्या मालेकडे लक्ष ठेवा. आर. सी. ऑल्स्टन यांनी १९६७ ते १९७२ या काळात १५०० ते १८०० मधली इंग्रजी भाषेविषयीची ३६५ पुस्तके मूळ पानांच्या हुबेहूब प्रतींच्या रूपात संपादित केली. विद्यापीठांच्या ग्रंथालयांत या मालेतले खंड अधूनमधून भेटतात, आणि जुन्या पुस्तकांच्या दुकानातही एखादा निघतो.

एक सावधगिरी. ‘सुधारित वर्णलेखन’ असे लिहिलेली आजची पुनर्मुद्रणे घेऊ नका. वर्णलेखन शिकवणे हेच यातल्या कित्येक पुस्तकांचे काम होते. तेच बदलले तर हातात राहते काय?

पायरी ३: अक्षरे लावून घ्या

यावर दोन संध्याकाळी खर्च करा, पुढचे कष्ट वाचतील.

सर्वांत जास्त छळतो तो लांब ‘एस’. तो जवळजवळ ‘एफ’सारखा दिसतो, पण त्याची आडवी रेघ दांड्याच्या डाव्या बाजूलाच असते किंवा नसतेच, ‘एफ’ची रेघ दांड्याला छेदून पलीकडे जाते. लांब ‘एस’ शब्दाच्या सुरुवातीला आणि मध्ये येतो, शेवटी नेहमीचा छोटा ‘एस’. छापखान्यांनी तो साधारण १८०० च्या आसपास सोडला, म्हणजे मरेच्या सुरुवातीच्या आवृत्त्यांपर्यंत तुमची त्याच्याशी गाठ पडू शकते. संगणकाने वाचलेल्या मजकुरात तो हमखास ‘एफ’ होऊन बसतो. म्हणून शोध घेताना ‘सच’ सापडले नाही तर ‘फच’ असे टाकून पाहा. हे विचित्र वाटेल, पण याने काम होते.

‘यू’ आणि ‘व्ही’ ही सतराव्या शतकाच्या सुरुवातीपर्यंत एकाच अक्षराची दोन रूपे होती. शब्दाच्या सुरुवातीला ‘व्ही’, मध्ये ‘यू’. त्यामुळे ‘अंडरस्टँड’ हा शब्द ‘व्ही’ने सुरू झालेला दिसेल आणि ‘हॅव’च्या मध्ये ‘यू’ दिसेल. ‘आय’ आणि ‘जे’ यांचेही तसेच. छपाईत ही अक्षरे वेगळी झाल्यावरही कोशांच्या क्रमात ती एकत्रच राहिली. जॉन्सनच्या कोशात १७५५ मध्येसुद्धा ‘आय’ आणि ‘जे’चे शब्द एकमेकांत मिसळलेले आहेत. ‘जज’ हा शब्द ‘आय’चे शब्द संपल्यानंतरच्या पानांवर शोधत राहिलात तर सापडणार नाही. ‘आय’ आणि ‘जे’ हे एकच अक्षर धरून मग क्रम लावा.

सोळाव्या शतकातली कित्येक पुस्तके काळ्या, टोकदार गॉथिक वळणात छापलेली आहेत. त्यात स्वरावर आडवी रेघ दिसली की पुढचा ‘एन’ किंवा ‘एम’ गाळला आहे असे समजायचे. ‘वाय’वर छोटा ‘ई’ दिसला तर तो ‘द’ वाचायचा. पानाच्या तळाशी उजवीकडे एखादा सुटा शब्द दिसतो. तो पुढच्या पानाचा पहिला शब्द असतो, बांधणीत पाने चुकू नयेत म्हणून छापलेला. चाळत असलेल्या प्रतीत एखादे पान गहाळ आहे का, हे त्यावरून आपल्यालाही कळते.

पायरी ४: मुखपृष्ठ आणि प्रस्तावना सोडू नका

आपल्याला प्रस्तावना ओलांडायची सवय असते. या पुस्तकांत ती सवय महागात पडते, कारण विद्यार्थी कोण हे तिथेच लिहिलेले असते.

कॉड्रीचे मुखपृष्ठ नीट वाचा. हिब्रू, ग्रीक, लॅटिन, फ्रेंच अशा भाषांतून आलेले कठीण पण वापरातले इंग्रजी शब्द, त्यांचे खरे लेखन आणि साध्या इंग्रजीत अर्थ असे पुस्तक आहे, हे तो सांगतो. ते कोणासाठी, तर ‘लेडीज, जेंटलविमेन ऑर एनी अदर अनस्किलफुल पर्सन्स’, म्हणजे स्त्रिया आणि ज्यांना शिक्षण मिळाले नाही असे इतर सगळे. धर्मग्रंथ वाचताना किंवा प्रवचन ऐकताना जे कठीण शब्द कानावर पडतात ते त्यांना समजावेत, हा हेतूही तिथेच मांडलेला आहे. मुलगे व्याकरणशाळेत लॅटिन घोकत होते, मुलींना ती दारे बंद होती. लॅटिनमधून इंग्रजीत शिरलेले शब्द त्यांच्यापर्यंत पोचवणारे पुस्तक म्हणजे हा कोश. अर्पणपत्रिका हॅरिंग्टन घराण्यातल्या पाच बहिणींना आहे. कॉड्रीने रटलंड परगण्यातल्या ओकहॅमच्या शाळेत शिकवले होते. प्युरिटन, म्हणजे कडक सुधारणावादी प्रोटेस्टंट, मतांमुळे त्याला चर्चमधली धर्मोपदेशकाची जागा गमवावी लागली होती. हे सगळे ठाऊक झाले की अडीच हजार शब्दांची ती यादी लहान वाटत नाही. ती कोणाच्या हातात जाणार होती, ते दिसू लागते.

मुखपृष्ठाच्या तळाशी मुद्रकाची आद्याक्षरे, विक्रेता एडमंड वीव्हर याचे नाव आणि सेंट पॉल चर्चच्या उत्तरेकडच्या मोठ्या दाराजवळच्या त्याच्या दुकानाचा पत्ता आहे. त्या काळी लंडनचा पुस्तकबाजार याच चर्चच्या आवारात भरत असे. पहिल्या आवृत्तीची एकच प्रत आज शिल्लक आहे, ऑक्सफर्डच्या बॉडलियन ग्रंथालयात. शाळेत आणि घरात वापरली जाणारी पुस्तके वापरूनच संपतात.

विद्यार्थी मुखपृष्ठावरून कसा ओळखावा याचा दुसरा नमुना हवा असेल तर जॅक बेलोचे १५८६ चे ‘फॅमिलियर डायलॉग्ज’ पाहा. बेलो हा स्वतः फ्रेंच, आणि त्याचे विद्यार्थी म्हणजे धर्मछळामुळे इंग्लंडमध्ये आलेले फ्रेंच प्रोटेस्टंट. पानावर तीन रकाने आहेत. एकात इंग्रजी वाक्य, दुसऱ्यात फ्रेंच, आणि तिसऱ्यात तेच इंग्रजी वाक्य फ्रेंच माणसाला उच्चारता येईल अशा अक्षरांत. संवाद सकाळी उठण्यापासून बाजारहाटापर्यंतचे आहेत. व्याकरणाचे नियम नाहीत. ज्याला उद्या सकाळी मासळी विकत घ्यायची आहे त्याला नियमांआधी काय हवे असते, हे बेलोला नेमके ठाऊक होते. भाषा शिकवणाऱ्या प्रत्येकाने हे पान एकदा तरी पाहावे असे मला मनापासून वाटते.

पायरी ५: कॉड्रीचा कोश वापरा

आता कोश वाचू नका, वापरा. १६०४ च्या त्या वाचकाच्या जागी बसा.

प्रस्तावनेच्या शेवटी कॉड्री सांगतो की या पुस्तकाचा फायदा हवा असेल तर आधी अक्षरांचा क्रम पुस्तक न पाहता तोंडपाठ करा. शब्द ‘ए’ने सुरू होत असेल तर सुरुवातीला पाहा, ‘व्ही’ने होत असेल तर शेवटाकडे. ‘सीए’ने सुरू होत असेल तर ‘सी’च्या आरंभी, ‘सीयू’ने असेल तर ‘सी’च्या शेवटी. आज हे वाचून हसू येते, पण जरा थांबा. वर्णक्रमाने शब्द शोधणे ही शिकावी लागणारी गोष्ट आहे. आपल्याकडे अमरकोश पाठ करणाऱ्या विद्यार्थ्याला स्वर्गवर्ग, वनौषधिवर्ग अशा विषयवार वर्गांतून शब्द भेटत असत. तिथे वर्णक्रमाची गरजच नव्हती. युरोपातल्या शाळांतही विषयवार शब्दसंग्रह भरपूर होते. कॉड्री ज्यांच्यासाठी लिहितो त्यांच्या हाती वर्णक्रमाचे पुस्तक कदाचित पहिल्यांदाच पडत होते.

आता पहिल्या पानावरचे शब्द घ्या. ‘अबँडन’ याचा अर्थ टाकून देणे, हवाली करणे, सोडणे. ‘अबॅश’ याचा एकाच शब्दात, लाजणे. ‘अ‍ॅबरेशन’ म्हणजे वाट चुकणे, भटकणे. व्युत्पत्ती नाही, उदाहरण नाही, उच्चार नाही. कठीण शब्द आणि त्याच्यापुढे रोजच्या बोलण्यातला सोपा शब्द, एवढेच. काही नोंदींत ‘के’ हे अक्षर दिसेल. त्याचा अर्थ ‘एक प्रकारचा’. म्हणजे ‘के’ आणि पुढे ‘बीस्ट’ असेल तर ‘एक प्रकारचा प्राणी’. प्राणी कसा दिसतो हे सांगायची कॉड्रीला गरज वाटत नाही. प्रवचन ऐकणाऱ्या बाईला ते जनावराचे नाव आहे एवढे कळले की पुढचे वाक्य लागते. ग्रीक शब्दांना ‘जी’ची खूण, फ्रेंच शब्दांना विभागचिन्ह.

करून पाहण्याजोगा अभ्यास असा: कोणतीही दोन पाने घ्या आणि त्यावरचे किती शब्द आज सरसकट वापरात आहेत, किती लोपले, किती अर्थ बदलून राहिले, हे वहीत टिपा. मग एडमंड कूटचे ‘द इंग्लिश स्कूल-मास्टर’ (१५९६) उघडा. कूटने आपल्या शालेय पुस्तकाच्या शेवटी कठीण शब्दांची छोटी यादी जोडली होती, आणि कॉड्रीने त्यातला पुष्कळसा माल उचलला. लॅटिन-इंग्रजी कोशांतूनही त्याने घेतले. नवखे वाचक याला चोरी म्हणून मोकळे होतात. तसे करू नका. एकाचे घेऊन त्यात भर घालणे हीच तेव्हाची कोशकारांची रीत होती, आणि कोणी काय घेतले, काय गाळले याचा माग काढणे हा या अभ्यासातला सर्वांत रंगणारा भाग आहे. जॉन बुलोकर (१६१६), हेन्री कॉकरॅम (१६२३) आणि टॉमस ब्लाउंट (१६५६) यांच्यापर्यंत तोच शब्द नेऊन पाहा.

या सगळ्या कोशांत ‘भाकरी’, ‘पाणी’, ‘घोडा’ अशा अर्थाचे शब्द शोधत बसू नका. कठीण शब्दच द्यायचे असा त्यांचा रिवाज होता. रोजचे शब्द भरभरून आले ते १७०२ मध्ये, जे. के. या आद्याक्षरांनी निघालेल्या कोशात. हा जे. के. म्हणजे जॉन कर्सी असे मानतात. नेथन बेलीने १७२१ मध्ये तो आवाका आणखी वाढवला. मात्र रोजच्या शब्दांचा अर्थ लिहिणे किती अवघड असते ते तिथेच कळते. ओळखीच्या प्राण्यांची ‘सर्वांना ठाऊक असलेला प्राणी’ अशा शब्दांत बोळवण केलेली आढळते.

पायरी ६: जॉन्सनकडे जाताना

जॉन्सनविषयी इतके लिहिले गेले आहे की नवा वाचक त्याच्या चार गमतीदार व्याख्या पाहून परततो. त्या सोडा. ‘टेक’ हे क्रियापद काढा. पहिल्या आवृत्तीत त्याचे १३४ अर्थ क्रमांक घालून दिले आहेत आणि मजकूर पाच पानांवर पसरला आहे. बहुतेक अर्थांखाली कोणा ना कोणा लेखकाचे वाक्य. त्याच्या दीडशे वर्षे आधी एका ओळीत शब्द संपवणाऱ्या परंपरेतून हे पान निघाले आहे, हे लक्षात घेऊन ते वाचा.

लंडनच्या प्रकाशकांनी १७४६ मध्ये १५०० गिनींच्या बोलीवर हे काम त्याला दिले. गॉफ स्क्वेअरमधल्या घराच्या माळ्यावर सहा लेखनिक बसवून त्याने ते केले. जवळपास ४३ हजार शब्द आणि सुमारे १ लाख १४ हजार अवतरणे. १७४७ च्या आराखड्यात भाषा पक्की करून टाकण्याची आशा होती. १७५५ च्या प्रस्तावनेत तो मोकळेपणाने लिहितो की भाषेला बदलण्यापासून कोणी थांबवू शकत नाही. आराखडा आणि प्रस्तावना लागोपाठ वाचा. नऊ वर्षे शब्दांबरोबर राहिलेला माणूस काय शिकला, ते त्या दोन मजकुरांच्या मधल्या अंतरात आहे, आणि मला ते कोशाइतकेच मोलाचे वाटते.

कोशाच्या आरंभी जॉन्सनने व्याकरणही जोडले आहे. त्यात वाक्यरचनेला त्याने जेमतेम काही ओळी दिल्या. इंग्रजीत विभक्तिरूपे इतकी थोडी की रचनेचे फार नियम लागतच नाहीत, असे त्याचे म्हणणे.

आता पुन्हा तोच प्रश्न: विद्यार्थी कोण? दोन मोठे खंड, किंमत ४ पौंड १० शिलिंग. शाळेतल्या मुलाच्या हाती हे जाणे शक्य नव्हते. १७५६ मध्ये अवतरणे गाळून लहान आकाराची संक्षिप्त आवृत्ती निघाली. घराघरांत आणि शाळांत पोचला तो हा जॉन्सन. एखाद्या कादंबरीत किंवा आत्मचरित्रात कोणी लहानपणी जॉन्सनचा कोश चाळल्याचे वाचले तर बहुधा ही आवृत्ती समजावी. म्हणून टिपण करताना नुसते ‘जॉन्सन’ न लिहिता वर्ष आणि आवृत्ती दोन्ही लिहा. हा नियम मरेलाही लागू आहे, किंबहुना जास्तच, कारण त्याच्या पुस्तकाच्या आवृत्त्यांमागून आवृत्त्या निघाल्या आणि तो प्रत्येक वेळी काही ना काही बदलत राहिला.

पायरी ७: व्याकरण मधून वाचा

व्याकरणाचे पुस्तक पहिल्या पानापासून वाचले तर कंटाळा येणार, यात शंका नाही. आधी शब्दांच्या जाती मोजा.

इंग्रजी व्याकरणांची आई म्हणजे लिलीचे लॅटिन व्याकरण. विल्यम लिली हा लंडनच्या सेंट पॉल शाळेचा पहिला मुख्य अध्यापक. त्याच्या नावाने चालणारे व्याकरण आठव्या हेन्रीच्या हुकमाने १५४० च्या सुमारास सगळ्या शाळांना लागू झाले. शेक्सपियरच्या ‘द मेरी वाइव्ज ऑफ विंडसर’मध्ये चौथ्या अंकाच्या आरंभी पाद्री एव्हान्स विल्यम नावाच्या मुलाची तोंडी परीक्षा घेतो: नामाला वचने किती? मुलगा म्हणतो, दोन. शेजारी उभी असलेली क्विकली बाई, जिला लॅटिन येत नाही, प्रत्येक लॅटिन शब्दाचा भलताच इंग्रजी अर्थ लावते. प्रेक्षक हसायचे, कारण त्यांच्यातल्या कित्येकांनी हे प्रश्न शाळेत छडीच्या धाकाने पाठ केलेले होते. लिलीचे पान आणि हा प्रवेश शेजारी ठेवून वाचा. तेव्हाचा वर्ग डोळ्यांपुढे उभा राहील.

लिलीच्या पुस्तकात शब्दांच्या जाती आठ. विशेषण वेगळे नाही, ते नामाचाच पोटप्रकार, आणि धातुसाधित ही स्वतंत्र जात. विल्यम बुलोकरने इंग्रजीला हाच साचा लावला. मरेच्या व्याकरणापर्यंत येता जाती नऊ झाल्या: आर्टिकल, नाम, विशेषण, सर्वनाम, क्रियापद, क्रियाविशेषण, प्रिपोझिशन, कंजंक्शन, इंटरजेक्शन. यातले आर्टिकल काढा, प्रिपोझिशनच्या जागी शब्दयोगी अव्यय ठेवा, आणि बोटांवर मोजा. आपण पाचवी-सहावीत पाठ केलेल्या मराठीच्या आठ जाती समोर येतात. संस्कृत परंपरेत नाम, आख्यात, उपसर्ग, निपात अशी चारांची मांडणी होती; आपली आठांची मांडणी इंग्रजी व्याकरणांच्या धर्तीवर एकोणिसाव्या शतकात आली. विभक्ती मात्र आपण संस्कृतच्या ठेवल्या.

त्यानंतर स्वाध्याय. मरे मूळचा अमेरिकेतला, पेनसिल्व्हेनियात जन्मलेला, क्वेकर या ख्रिस्ती पंथाचा. तो यॉर्कजवळ स्थायिक झाला होता आणि तिथल्या मुलींच्या शाळेतल्या शिक्षिकांसाठी त्याने हे व्याकरण लिहिले. १७९७ च्या स्वाध्यायांत कर्ता आणि क्रियापदाच्या नियमाखाली असे वाक्य आहे: ‘डिसअपॉइंटमेंट्स सिंक्स द हार्ट ऑफ मॅन, बट द रिन्यूअल ऑफ होप गिव्ह कन्सोलेशन.’ निराशेने मन खचते आणि आशा परतली की दिलासा मिळतो, असा आशय. पण अनेकवचनी कर्त्यापुढे एकवचनी क्रियापद आणि एकवचनी कर्त्यापुढे अनेकवचनी. विद्यार्थिनीने दोन्ही दुरुस्त करायची. उत्तरांची वेगळी किल्लीही मरेने छापली. चुकीचे वाक्य देऊन सुधारायला लावण्याची ही पद्धत इंग्रजी व्याकरणात त्याच्या आधी रुजवली ती न्यूकॅसलच्या अ‍ॅन फिशरने, १७४५ च्या सुमारास. शाळा चालवणारी ही बाई आणि तिचे व्याकरण यांच्याकडे अजूनही पुरेसे लक्ष जात नाही, याचे मला वाईट वाटते.

मरेची दहा वाक्ये स्वतः सोडवा, मगच किल्ली पाहा. मग वाक्यातल्या प्रत्येक शब्दाची जात, लिंग, वचन, विभक्ती सांगण्याचे त्याचे नमुने पाहा. ‘व्याकरण चालवा’ हा प्रश्न ज्यांनी सोडवला आहे त्यांना ते काम लगेच ओळखू येईल. या वाक्यांकडे आणखी एका नजरेने पाहा: नियम व्याकरणाचा आहे, पण वाक्य संयमाचे, सदाचाराचे. भाषेबरोबर वळण लावणे हाही धडा होता.

पायरी ८: ऐकीव गोष्टी पानावर तपासा

रॉबर्ट लाउथच्या १७६२ च्या व्याकरणाविषयी ‘वाक्याच्या शेवटी प्रिपोझिशन नको असा हुकूम त्याने काढला’ असे सर्रास सांगितले जाते. ते पान उघडा. लाउथ लिहितो की आपल्या भाषेचा कल तिकडे जोराने आहे, बोलण्यात आणि साध्या लिखाणात ते चालते, मात्र भारदस्त शैलीत दुसरी रचना अधिक शोभते. आणि हे सांगताना त्याचे स्वतःचे वाक्यही प्रिपोझिशननेच संपते. दोन नकार मिळून होकार होतो हा नियम त्याच्या पुस्तकात आहे, पण तो १७६३ च्या दुसऱ्या आवृत्तीत आला. लाउथच्या तळटीपा अवश्य वाचा. शेक्सपियर, मिल्टन, पोप अशा मोठ्यांच्या चुका त्याने तिथे काढून दाखवल्या आहेत. त्याच्या आधी एकच वर्ष, १७६१ मध्ये, जोसेफ प्रिस्टलीचे व्याकरण आले. प्राणवायूच्या शोधाशी ज्याचे नाव जोडले जाते तोच हा प्रिस्टली. त्याचा भर लोकांच्या वापरावर. एकच मुद्दा घेऊन, समजा दुहेरी नकार, लाउथ, प्रिस्टली आणि मरे यांची पाने ओळीने पाहा.

टिपणाची रीत साधी ठेवा: लेखक, वर्ष, आवृत्ती, पान, आणि मूळ वर्णलेखन जसेच्या तसे. पान क्रमांक नसेल तर पानाच्या तळाशी छापलेले अक्षर-आकडे लिहा.

यानंतर मराठीकडे

एवढे झाले की मराठीशी थेट संबंध असलेली पुस्तके वेगळ्याच नजरेने वाचता येतात. विल्यम केरीचे इंग्रजीत लिहिलेले मराठीचे व्याकरण १८०५ मध्ये बंगालमधल्या श्रीरामपुरात छापले गेले, त्याचा मराठी-इंग्रजी कोश १८१० मध्ये. कोशात मराठी शब्द मोडीत आहेत. कंपनी सरकारच्या नोकरीत येणारे इंग्रज तरुण हे त्याचे विद्यार्थी. मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश १८३१ चा, सुधारून वाढवलेली दुसरी आवृत्ती १८५७ ची. मेजर कँडी यांचा इंग्रजी-मराठी कोश १८४७ चा. मोल्सवर्थ शिकागो विद्यापीठाच्या दक्षिण आशियाई कोशांच्या संकेतस्थळावर शोधता येतो. तिथे शब्द टाकण्याआधी प्रस्तावना शोधून वाचा. मराठी शास्त्रीमंडळींकडून शब्द कसे जमवले, कोणते ठेवले, कोणते वगळले, हे तिथे कळते.

आणि दादोबा पांडुरंगांचे १८३६ चे मराठी व्याकरण. इथे विद्यार्थी बदलला: मराठी मूल, मराठी शाळा, मराठीतून मराठी. दादोबांनी नंतर ते पुष्कळ वाढवले, तेव्हा कोणती आवृत्ती हातात आहे ते आधी पाहा. मग शब्दांच्या जातींचे प्रकरण काढा, शेजारी मरेचे तेच प्रकरण ठेवा आणि कुठे जुळते, कुठे दादोबांना साचा मोडावा लागला, ते वहीत दोन रकाने करून उतरवा.